हिपॅटायटिस सी कुठून कुठे पसरला? सिक्वेन्सपासून नकाशापर्यंतची वाट

हिपॅटायटिस सी विषाणूचे सिक्वेन्स (त्याच्या जनुकीय अक्षरांचे क्रम) हाताशी आहेत आणि त्यांतून तो कधी आला, कुठून आला, किती वेळा आला हे काढायचं आहे, अशांसाठी हा लेख आहे. बीस्टसारखं सॉफ्टवेअर कसल्याही डेटावर वंशवृक्ष, म्हणजे कोणता सिक्वेन्स कोणाच्या जवळचा हे दाखवणारं झाड, काढून देतं, त्यावर तारखा चढवतं आणि मागाल तर नकाशावर बाणही काढून देतं. "सांगता येत नाही" असं ते कधीच म्हणत नाही. त्यामुळे ते बाण विषाणूच्या प्रवासाचे की आपण नमुने कुठून उचलले त्याचे, हे तपासायचं काम आपल्यावरच येतं. बहुतेक प्रबंधांत आणि हस्तलिखितांत नेमकं तेच राहून गेलेलं दिसतं.

लागणारी साधनं सगळी मोफत आहेत: मॅफ्ट, एलिव्ह्यू, आरडीपी, आयक्यू-ट्री, टेम्पेस्ट, बीस्ट आणि त्याच्यासोबतचं ब्यूटी, ट्रेसर, फिगट्री. ती चालवायला आठवडाभरात शिकता येतं. अवघड भाग त्याच्या आधीचा आहे, म्हणून पहिले तीन टप्पे लांबलेत.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

"विषाणूच्या उत्क्रांतीचा अभ्यास" हा प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर "नाही" असंही येऊ शकेल. लिबियातल्या बेंगाझीच्या रुग्णालयाचं प्रकरण घ्या. १९९८ मध्ये तिथल्या मुलांमध्ये एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीचा उद्रेक उघडकीला आला आणि परदेशी वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर खटला भरला गेला. वंशवृक्षाला विचारलेला प्रश्न नेमका होता: हे कर्मचारी मार्च १९९८ मध्ये आले, त्याच्या आधीपासून हे विषाणू तिथे फिरत होते का? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाचं उत्तर होतं, होय. कोणी कोणाला दिला हे त्यांनी झाडाला विचारलंच नाही, कारण झाडाला ते सांगता येत नाही.

प्रश्न ठरला की उपप्रकार ठरवा. हिपॅटायटिस सीचे आठ जीनोटाइप, म्हणजे मुख्य प्रकार, आहेत आणि दोन जीनोटाइपांमध्ये साधारण ३० टक्के न्यूक्लिओटाइड (जनुकीय अक्षरं) वेगळे असतात. सगळे एकाच झाडात कोंबून तारखा काढायला गेलात तर खोल शाखांवर बदलांवर बदल साचलेले असतात आणि तारखा निरर्थक येतात. १अ असेल तर फक्त १अ घ्या, ३अ असेल तर फक्त ३अ. दुसरा उपप्रकार फार तर मूळ ठरवण्यापुरता ठेवा, तोही तारखांच्या विश्लेषणाआधी काढून टाका.

टप्पा २: सिक्वेन्स गोळा करा, पण आधी नोंदी वाचा

जेनबँक या सार्वजनिक डेटाबेसमधून हजार सिक्वेन्स उतरवून घेणं दहा मिनिटांचं काम आहे. त्यांच्या नोंदी वाचायला दोन आठवडे लागतात, आणि सगळं विश्लेषण त्या दोन आठवड्यांवर उभं राहतं.

तारीख कोणती, ते आधी पाहा. नोंदीच्या पहिल्या ओळीत दिसते ती डेटाबेसमधली तारीख; तिचा रक्त घेतल्याच्या दिवसाशी संबंध नाही. आपल्याला नमुना घेतल्याची तारीख हवी. ती रकान्यात नसेल तर मूळ शोधनिबंधाच्या पद्धती-विभागात शोधा. "२००४ ते २००९ दरम्यान" एवढंच मिळालं तर अंदाजाने २००६ ठोकून देऊ नका. बीस्टमध्ये ती मुदत तशीच देता येते आणि तारखेची अनिश्चितता हिशेबात धरली जाते. नुसतं वर्ष माहीत असेल तर वर्षाचा मध्य धरा. १ जानेवारी धरलीत तर सगळे नमुने सरासरी सहा महिने मागे सरकतात.

ठिकाणाची भानगड याहून मोठी. नोंदीतला देश म्हणजे नमुना जिथे घेतला तो देश. लागण तिथेच झाली असं त्यातून निघत नाही. २०१८ मध्ये आठवा जीनोटाइप जाहीर झाला तो कॅनडात राहणाऱ्या चार रुग्णांवरून, आणि हे चौघंही मूळचे भारतातल्या पंजाबचे. सातवा जीनोटाइपही कॅनडातच सापडला, मध्य आफ्रिकेतून आलेल्या रुग्णात. देशाच्या रकान्यावर आंधळा विश्वास ठेवला तर हे दोन्ही जीनोटाइप कॅनडाचे ठरतात. दीर्घकाळ अंगात राहणाऱ्या विषाणूच्या बाबतीत हा घोळ अटळच आहे, कारण माणूस तिशीत लागण घेऊन पन्नाशीत दुसऱ्या खंडात तपासणीला येऊ शकतो. शोधनिबंधात रुग्णाचा जन्मदेश किंवा लागणीचं संभाव्य ठिकाण दिलेलं असेल तर त्यासाठी वेगळा रकाना करा. दोन्ही रकान्यांवर विश्लेषण चालवा आणि उत्तर किती हलतं ते बघा.

आता वगळायची यादी. एकाच रुग्णाचे अनेक क्लोन (एकाच नमुन्यातून वेगळे काढलेले सिक्वेन्स) आणि एकाच रुग्णाचे वेगवेगळ्या वर्षांचे नमुने, यांतून प्रत्येकी एकच ठेवा. प्रयोगशाळेत वाढवलेले, चिंपांझीत टोचून मिळवलेले, पेटंटच्या नोंदींतले आणि जेएफएच-१ सारख्या प्रयोगशाळेतल्या स्ट्रेनपासून बनवलेले सिक्वेन्स सगळे बाहेर. ते निसर्गात फिरलेलेच नाहीत, आणि त्यांच्या तारखा घड्याळ, म्हणजे बदलांवरून काळ मोजण्याचा हिशेब, बिघडवतात.

तपासा: प्रत्येक सिक्वेन्सच्या नावात अॅक्सेशन क्रमांक (जेनबँकमधला नोंदीचा क्रमांक), उपप्रकार, ठिकाण आणि तारीख एकाच क्रमाने, एकाच चिन्हाने तोडून लिहिली आहे का? नावात मोकळी जागा किंवा कंस राहिला तर पुढचं एखादं सॉफ्टवेअर नाव अर्ध्यावर कापतं, तेही न सांगता.

टप्पा ३: जीनोमचा भाग आणि नमुन्यांचा समतोल

हिपॅटायटिस सीचा जीनोम साधारण ९,६०० न्यूक्लिओटाइडचा. जुन्या नमुन्यांचे बहुधा तुकडेच मिळतात. त्यांतला पाच-यूटीआर हा जीनोमच्या सुरुवातीचा, प्रथिन न बनवणारा भाग निदानाच्या चाचण्यांना सोयीचा, कारण तो फारसा बदलत नाही. म्हणूनच वंशवृक्षासाठी तो निकामी. १अ आणि १ब सुद्धा त्यावरून खात्रीने वेगळे काढता येत नाहीत. एनएस५बी (जीनोमच्या शेवटाकडचा) आणि कोअर-ई१ (सुरुवातीकडचा) हे तुकडे चालतात. विषाणूच्या आवरणावरच्या ई२ प्रथिनाच्या सुरुवातीचा २७ अमिनो आम्लांचा एचव्हीआर१ हा पट्टा मात्र कापून टाका. त्यावर रुग्णाच्या प्रतिकारशक्तीचा दाब असतो, त्यामुळे तिथले बदल वंश कमी आणि त्या एका शरीरातली झुंज जास्त सांगतात.

तुकडा की पूर्ण जीनोम, हे मनातल्या मनात हिशेब करून ठरवता येतं. या विषाणूचा बदलाचा दर ढोबळमानाने दर जागेमागे वर्षाला ०.००१. म्हणजे पूर्ण जीनोमवर वर्षाला नऊ-दहा बदल. ४०० न्यूक्लिओटाइडच्या तुकड्यावर हाच दर लावला तर अडीच वर्षांत एक, आणि एनएस५बी तुलनेने सावकाश बदलतो, म्हणून त्याहूनही कमी. तुमचे सगळे नमुने पाच वर्षांच्या आतले आणि तुकडा ४०० चा असेल, तर प्रत्येक वंशात जेमतेम दोन बदल झालेले असणार. एवढ्यावर महिन्यावार कालक्रम लावलेले निबंध प्रसिद्ध होतात, हे वेगळं.

समतोलाचं म्हणाल तर, एका देशाचे ३०० आणि दुसऱ्याचे २० सिक्वेन्स घेऊन मूळस्थान शोधू नका. ठिकाण आणि कालखंड मिळून गट पाडा, प्रत्येक गटातून जास्तीत जास्त किती घ्यायचे ते ठरवा आणि यादृच्छिक निवडीने घ्या. अशी निवड एकदा करून भागत नाही. निदान तीन-चार वेगवेगळ्या निवडी करून प्रत्येकीवर पुढचं सगळं चालवा. "आपल्या" देशाचे सगळे ठेवायचे आणि बाकीच्यांचे कापायचे, हा मोह सगळ्यांनाच होतो. तसं करायचंच असेल तर मग मूळस्थानाबद्दल बोलायचं नाही.

सावधान: ज्या देशांतून सिक्वेन्सच नाहीत ते नकाशावर येणारच नाहीत. विषाणू त्यांच्यामार्गे गेला असला तरी बाण त्यांना टाळून सरळ जाईल.

टप्पा ४: अलाइनमेंट

हा टप्पा, म्हणजे सगळे सिक्वेन्स एकाखाली एक जुळवणं, झटपट होतो. मॅफ्टने जुळवा आणि एलिव्ह्यूमध्ये अमिनो आम्लांच्या स्वरूपात उघडा. हिपॅटायटिस सीचं एकच लांब वाचनक्षेत्र (प्रथिन बनवणारा सलग पट्टा) आहे, त्यामुळे मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन थांबवणारी खूण) दिसला तर सिक्वेन्स उलटा आहे, एखादं अक्षर गळलंय किंवा डेटा खराब आहे. मोजणी एच७७ या संदर्भ सिक्वेन्सप्रमाणे ठेवा, म्हणजे कोणता तुकडा घेतला हे दुसऱ्याला कळेल. टोकांना प्रायमरचे (चाचणीत वापरलेल्या छोट्या तुकड्यांचे) अवशेष असतात, ते कापा. वेगवेगळ्या रुग्णांचे तुकडे जोडून एक "जीनोम" बनवू नका. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

टप्पा ५: रिकॉम्बिनंट शोधा, झाडाच्या आधी

वंशवृक्ष असं गृहीत धरतो की प्रत्येक सिक्वेन्सला एकच पूर्वज-रेषा आहे. रिकॉम्बिनंटला, म्हणजे दोन विषाणूंचे तुकडे जोडून बनलेल्याला, दोन असतात. हिपॅटायटिस सीमध्ये ते विरळ आहेत, पण आहेत. २क/१ब (2k/1b) हा सगळ्यात प्रसिद्ध. तो प्रथम सेंट पीटर्सबर्गमध्ये आढळला आणि २००२ मध्ये त्याचं वर्णन झालं. त्याच्या कोअर भागावरून तपासलं तर तो २क निघतो आणि एनएस५बीवरून १ब. दोन्ही टोकांवरून उपप्रकार काढून पाहणं ही म्हणूनच सगळ्यात स्वस्त चाचणी. पूर्ण जीनोम असतील तर आरडीपी चालवा आणि एकाहून जास्त पद्धतींनी दाखवलेले संशयित बाजूला काढा.

टप्पा ६: साधा वंशवृक्ष

बीस्टकडे धावण्याआधी आयक्यू-ट्रीमध्ये मॅक्सिमम लाइकलिहूडचा (डेटाशी सर्वांत जुळणारा) वृक्ष काढा. मॉडेल त्यालाच निवडू द्या. अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅपचा (शाखा किती पक्की ते सांगणारा) आकडा ९५ च्या वर असेल तरच शाखेवर विसंबा. साध्या बूटस्ट्रॅपची ७० ची सवय इथे लावू नका, हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत.

मग झाड डोळ्यांनी वाचा. एखादी फांदी बाकीच्यांपेक्षा कितीतरी लांब दिसली तर तो सिक्वेन्स चुकीच्या उपप्रकाराचा, खराब किंवा रिकॉम्बिनंट असण्याची शक्यता दाट. अगदी शून्य लांबीच्या फांद्यांचा झुबका दिसला तर एकाच रुग्णाचे नमुने निसटून आत आलेत का ते पाहा.

तपासा: तुमच्या देशाचे सिक्वेन्स एकाच झुबक्यात आहेत की झाडभर विखुरलेले? विखुरलेले असतील तर विषाणू अनेकदा आत आला, हे उत्तर इथेच मिळालं. पुष्कळांचा मूळ प्रश्न एवढाच असतो आणि त्यांना पुढच्या टप्प्यांची गरजच नसते.

टप्पा ७: घड्याळ चालतंय का?

सर्वांत जास्त वेळा गाळला जाणारा टप्पा हाच. टेम्पेस्टमध्ये झाड उघडा आणि मुळापासून टोकापर्यंतचं अंतर विरुद्ध नमुन्याची तारीख असा आलेख पाहा. नंतरच्या नमुन्यांमध्ये बदल जास्त साचलेले असायला हवेत, म्हणजे रेषा वर चढायला हवी. ती आडवी किंवा खाली उतरणारी असेल तर तुमच्या नमुन्यांत काळाचा मागमूस नाही, आणि बीस्ट जी तारीख देईल ती तुम्ही प्रायरमध्ये (आधीच्या गृहीतकात) घातलेलीच परत येईल.

आलेख चढता दिसला म्हणूनही हुरळून जाऊ नका. सगळे जुने नमुने एका शाखेत आणि नवे दुसऱ्या शाखेत असतील तर खोटा चढ तयार होतो. शिवाय सगळे बिंदू एकाच झाडावरचे, म्हणजे परस्परांपासून स्वतंत्र नव्हेत; त्या रेषेचं पी-मूल्य छापू नका. खरी कसोटी दोन प्रकारे लागते. तारखा आपसांत पिसून विश्लेषण पुन्हा चालवायचं, आणि पिसलेल्या तारखांनीही तोच दर आला तर मूळ दर टाकून द्यायचा. किंवा खऱ्या तारखांसह आणि तारखांविना अशी दोन मॉडेलं लावून त्यांची मार्जिनल लाइकलिहूड (मॉडेल डेटाला किती बसतं त्याचं माप) ताडायची.

काळाचा मागमूस नसेल तर? बाहेरून दर घेता येतो, पण त्याच जीनोम-भागाचा, त्याच उपप्रकाराचा, अनिश्चिततेसकट. एनएस५बीच्या तुकड्यावर पूर्ण जीनोमचा दर लावला की सगळ्या तारखा अलीकडे सरकतात.

जाता जाता: हिपॅटायटिस बी असेल तर

ही पद्धत बी विषाणूवर जशीच्या तशी उचलू नका. त्याचा जीनोम जेमतेम ३,२०० न्यूक्लिओटाइडचा आणि वर्तुळाकार. जमा केलेले सिक्वेन्स वेगवेगळ्या ठिकाणी कापलेले असू शकतात. आधी सगळे इको-आर-वन या ठरावीक जागेपासून सुरू होतील असे फिरवून घ्या. त्याची चार वाचनक्षेत्रं एकमेकांवर चढलेली आहेत, त्यामुळे एक बदल दोन प्रथिनांना भोवतो आणि कोडॉनच्या तिसऱ्या जागेला "मोकळी" मानणारी मॉडेलं गडबडतात. रिकॉम्बिनेशन इथे सर्रास आहे: आशियाच्या मुख्य भूमीवरच्या जीनोटाइप बी विषाणूंपैकी बहुतेकांचा प्रीकोअर-कोअर भाग जीनोटाइप सी कडून आलेला आहे.

घड्याळाचं दुखणं तर वेगळंच. नेपल्सच्या एका चर्चमधल्या सोळाव्या शतकातल्या बालकाच्या ममीतून मिळालेला जीनोटाइप डी विषाणू आजच्या विषाणूंशी इतका मिळताजुळता निघाला की २०१८ च्या त्या अभ्यासाला आपल्या डेटासेटमध्ये काळाचा मागमूस लागला नाही. २०२१ मध्ये साधारण १०,५०० ते ४०० वर्षांपूर्वीच्या १३७ प्राचीन जीनोमांचं विश्लेषण आलं. त्यामुळे आता हजारो वर्षांचा प्रश्न असेल तर हे प्राचीन जीनोम घेऊनच दर बसवावा लागतो. काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या नमुन्यांवरून काढलेला झपाट्याचा दर हजारो वर्षांमागे ताणू नका. जितका काळ लांब तितका दर कमी दिसतो.

टप्पा ८: बीस्ट चालवणं

पहिल्यांदा साधी मांडणी करा: स्ट्रिक्ट क्लॉक (सगळ्या शाखांना एकच दर), स्थिर लोकसंख्या. ती नीट धावली की रिलॅक्स्ड क्लॉक (शाखेगणिक वेगळा दर) आणि स्कायग्रिड (काळानुसार बदलणारी लोकसंख्या) लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय बिघडलं ते कळत नाही. रिलॅक्स्ड क्लॉकमध्ये दराच्या चढउताराचा गुणांक शून्याला चिकटलेला दिसला तर साधं घड्याळ पुरे.

एकच साखळी (बीस्टची एक सलग धाव) चालवून निकाल लिहू नका. निदान दोन स्वतंत्र साखळ्या वेगवेगळ्या सुरुवातीच्या आकड्यांनी चालवा, ट्रेसरमध्ये एकावर एक ठेवून पाहा. दोन्ही एकाच जागी स्थिरावल्या आणि सगळ्या महत्त्वाच्या पॅरामीटरचा ईएसएस (साखळीतल्या प्रभावी स्वतंत्र नमुन्यांची संख्या) २०० च्या वर गेला, तरच साखळ्या जोडा. ईएसएस ८० वर अडकला तर धावण्याचा काळ वाढवून दरवेळी सुटत नाही. बरेचदा मॉडेल डेटाच्या मानाने जड झालेलं असतं.

सावधान: तीच मांडणी सिक्वेन्सविना, नुसत्या प्रायरवर एकदा चालवा. मुळाची तारीख तशीच आली तर ती तुमच्या सिक्वेन्सनी दिलेली नाही.

लोकसंख्येचा आलेख वाचताना दोन पथ्यं पाळा. उभ्या अक्षावर रुग्णांची संख्या नसते, प्रभावी लोकसंख्या (झाडाच्या आकारावरून काढलेला सापेक्ष अंदाज) असते. आणि शेवटच्या काही वर्षांत दिसणारी घसरण बरेचदा नमुने घेण्याच्या पद्धतीतून येते. "उपचारांमुळे साथ ओसरली" असं लिहिण्याआधी टप्पा ३ मधल्या दुसऱ्या निवडींवरही ती टिकते का पाहा. आलेख बोलका असू शकतो हेही खरं. इजिप्तमधल्या ४अ उपप्रकाराच्या २००३ च्या विश्लेषणात झपाट्याची वाढ साधारण १९३० ते १९५५ दरम्यान आली. शिस्टोसोमियासिस या परजीवीच्या रोगावर टार्टार एमेटिक या औषधाची इंजेक्शनं तिथे १९२० च्या दशकापासून दिली जात होती. तिथे इतिहासाची नोंद स्वतंत्र होती, आलेख पाहून शोधलेली नव्हती.

टप्पा ९: आता कुठे नकाशा

ठिकाणं मोजकी ठेवा. दहा ठिकाणं घेतलीत तर दोन्ही दिशांचे मिळून ९० दर अंदाजायचे असतात, आणि साठ सिक्वेन्सवरून ९० दर निघत नाहीत. जवळचे देश एकत्र करा, पण गट आधी ठरवा. निकाल पाहून बदलू नका.

नेहमीचं डिस्क्रीट मॉडेल ठिकाणाला एखाद्या म्युटेशनसारखं वागवतं, म्हणून जिथले नमुने जास्त ते ठिकाण मूळ ठरण्याकडे ते झुकतं. यावर एक सोपी चाचणी आहे, जी करायला कोणी बसत नाही. ठिकाणांची नावं टोकांवर यादृच्छिक पिसा आणि पुन्हा चालवा. समजा मूळस्थान "अ" असण्याची संभाव्यता खऱ्या डेटावर ०.९५ आली होती आणि पिसल्यावरही ०.८८ आली, तर "अ" जिंकला तो नमुन्यांच्या संख्येवर. पिसल्यावर ती ०.३ वर कोसळली तर निकालात दम आहे. शक्य असेल तिथे मॅस्कॉटसारखं स्ट्रक्चर्ड कोअलेसंट मॉडेलही (प्रत्येक ठिकाणची लोकसंख्या वेगळी धरणारं) लावा. ते या झुकावाला तुलनेने कमी बळी पडतं, पण ठिकाणं थोडी असतील तरच आटोक्यात राहतं.

दोन ठिकाणांमधल्या दुव्याचा बेज फॅक्टर (दुव्याच्या बाजूच्या पुराव्याचं माप) ३ च्या वर गेला की बाण काढायची पद्धत आहे. ३ हा फार खालचा उंबरठा आहे. निवडी बदलूनही जे दुवे टिकतात तेवढेच काढा.

अंतरावर आधारित कंटिन्युअस मॉडेल हिपॅटायटिस सीला सहसा लावू नये. ते पावलापावलाने पसरणाऱ्या रोगासाठी ठीक. हा विषाणू रक्तातून, सुयांतून आणि विमानाने जातो. ते मॉडेल त्याला समुद्राच्या मधोमध आणून ठेवतं.

टप्पा १०: निकाल कसा लिहायचा

समान पूर्वजाची तारीख म्हणजे विषाणू देशात शिरल्याची तारीख नव्हे. शिरकाव त्याआधी झालेला असू शकतो, किंवा पूर्वज दुसऱ्याच देशात होऊन गेलेला असू शकतो. मधला आकडा एकटा छापू नका, ९५ टक्के एचपीडीची (संभाव्य तारखांच्या पट्ट्याची) दोन्ही टोकं शीर्षकाच्या आसपास कुठेतरी दिसू द्या. "१९६३" आणि "१९६३, पण १९३८ ते १९७९ मधलं काहीही" यांत धोरण ठरवणाऱ्याला फार फरक पडतो.

दोन सिक्वेन्स शेजारी आले म्हणजे एकाने दुसऱ्याला लागण केली, असं लिहू नका. मध्ये तपासणी न झालेले कितीतरी लोक असू शकतात. शिवाय जुनाट संसर्गात एकाच माणसाच्या शरीरात अनेक वंश नांदतात, त्यामुळे झाडावरची फाटाफूट प्रत्यक्ष लागणीच्या आधीची असू शकते. गावपातळीवरचे छोटे झुबके छापताना वय, तारीख आणि ठिकाण मिळून माणूस ओळखू येत नाही ना, ते पाहा.

निबंधासोबत बीस्टची एक्सएमएल फाइल, अलाइनमेंट आणि वगळलेल्या सिक्वेन्सची कारणांसह यादी जोडा. परीक्षक सगळ्यात आधी ती यादी उघडेल असं धरूनच ती लिहा.